सह्याद्री लाव्हापासून बनला, मग कोयनेचा भूकंपही ज्वालामुखीमुळेच झाला का? चौथी-पाचवीच्या मुलांना कसे सांगावे?

वर्गशिक्षिका_पाटण (प्रश्न)

नमस्कार. मी पाटण तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथी आणि पाचवीचे वर्ग एकत्र शिकवते. गेल्या आठवड्यात ज्वालामुखी आणि भूकंप हा भाग घेतला. पुस्तकातील चित्रात टोकदार डोंगर आणि त्याच्या तोंडातून निघणारा जाळ होता. ते पाहून एका मुलाने ओढ्यातून आणलेला काळा, भोकाभोकाचा दगड माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारले, "बाई, हा दगड लाव्हाचा आहे असं दादा म्हणतो. म्हणजे आपला डोंगर पण फुटणार का?" त्यावर दुसरी मुलगी लगेच म्हणाली की तिच्या आजीच्या लहानपणी जो भूकंप झाला, तो खाली लाव्हा उकळत असल्यामुळेच झाला.

आमच्या भागात १९६७ चा भूकंप आजही घराघरांत सांगितला जातो आणि लहानसहान धक्के तर मुलांनी स्वतः अनुभवले आहेत. त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी परीक्षेपुरता नाही, आणि मला त्यांना अर्धवट किंवा खोटे असे काहीही सांगायचे नाही. माझ्या शंका अशा आहेत. सह्याद्रीत पुन्हा ज्वालामुखी जागा होऊ शकतो का? कोयनेच्या भूकंपाचा आणि लाव्हाच्या दगडाचा काही संबंध आहे का? भूकंप भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या थराच्या सरकत्या तुकड्यांच्या, कडांवर होतात असे आम्ही शिकवतो, पण आपण तर कडेवर राहत नाही, मग इथे भूकंप का होतो? गावातील वडीलधारी माणसे धरणाच्या पाण्याच्या ओझ्याला दोष देतात, त्यात किती तथ्य आहे? आणि हे सगळे दहा वर्षांच्या मुलाला, त्याची झोप न उडवता, कसे सांगावे?

---

काळा_पाषाण

ताई, तो दगड वर्गातच ठेवा, कारण पुस्तकातील चित्रापेक्षा तो जास्त शिकवेल. मी भूशास्त्र शिकलो आहे आणि घाटात बरीच भटकंती केली आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो; भूकंपाबद्दल इतर जाणकार लिहितीलच.

मुलाचा दादा बरोबर सांगतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या बहुतेक भागात आणि मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगणाच्या काही भागांत जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा बाहेर आला. पुस्तकात दिसतो तसा टोकदार डोंगर तिथे नव्हता. हा लाव्हा पातळ होता, त्याचे तापमान अकराशे ते बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास असावे, आणि तो पाण्यासारखा दूरवर पसरत जाऊन थंड झाला. काही काळाने त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा, आणि असे करत पश्चिम घाटात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या आसपास पोहोचली. आज शिल्लक राहिलेला हा प्रदेशच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे. थंड झालेल्या या लाव्हाला आपण बेसाल्ट म्हणतो. गावात ज्याला काळा पाषाण किंवा काळवत्री म्हणतात, तोच हा दगड. अजिंठा-वेरूळची लेणी त्यात कोरली गेली आणि आपले बहुतेक डोंगरी किल्ले त्यावरच उभे आहेत.

मुलांना शाळेच्या अंगणात उभे करून समोरचा डोंगर दाखवा. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, अशा पायऱ्या त्यांना स्वतःला मोजता येतील. कठीण, भरीव थर कड्यासारखा उभा राहतो आणि वरचा मऊ, भोकाभोकाचा भाग झिजून सपाटी तयार होते. घाटरस्ता कापलेल्या ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीसारखा पट्टा दिसतो. एक थर थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला की खालच्या थराच्या पृष्ठभागाची माती होऊ लागली आणि नवा लाव्हा त्या मातीवर पसरला, हे त्या पट्ट्यावरून कळते. मधल्या शांत काळात तळी होती, झाडे होती, प्राणी होते. मुंबईत वरळी आणि मलबार हिलच्या परिसरात अशाच मधल्या गाळाच्या खडकात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. बेडूक हा मुलांच्या ओळखीचा प्राणी असल्यामुळे ही गोष्ट त्यांच्या चांगली लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

दगडातील भोकांविषयीही सांगा. लाव्हामध्ये पाण्याची वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. लाव्हा वर येताना त्यावरचा दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे होतात आणि ते वरच्या बाजूला जमत असतानाच लाव्हा गोठला की त्यांची भोके तशीच राहतात. पुढे लाखो वर्षे त्या भोकांमधून पाणी झिरपते आणि त्यातील खनिजे आत साचतात. मुलांना ओढ्यात सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या आणि चमकणारे स्फटिक बहुतेक असेच तयार झालेले असतात.

आता मूळ शंका, म्हणजे आपला डोंगर फुटणार का. नाही, आणि हे मुलांना ठामपणे सांगायला हरकत नाही. फक्त कारणासकट सांगा. त्या काळी भारताचा भूपट्ट आजच्या जागी नव्हता. तो बराच दक्षिणेला, हिंदी महासागरातील आजच्या रियुनियन बेटाच्या परिसरावरून सरकत होता. तिथे पृथ्वीच्या खोल भागातून अतितप्त द्रव्य वर येत होते आणि आपला लाव्हा त्यातून आला, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत पुढे उत्तरेला निघून आला, उष्णतेचा तो स्रोत मात्र मागेच राहिला. रियुनियन बेटावरील पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर जागा होतो. मुलांना जगाचा नकाशा दाखवून रियुनियन ते सातारा हे अंतर बोटाने मोजायला लावा. आपल्या डोंगराखाली आता लाव्हाचा साठा नाही, ही गोष्ट त्यांना नकाशावरच दिसेल.

आणखी दोन गोष्टी जाता जाता सांगतो. लोणारचे सरोवर ज्वालामुखीचे तोंड आहे, असे अनेक जण अजूनही शिकवतात. ते विवर उल्का आदळून झालेले आहे. आणि भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच आहे, तो अंदमानातील बॅरन बेटावर. दीडशेहून अधिक वर्षे शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि त्यानंतरही अधूनमधून राख व लाव्हा बाहेर टाकत आला आहे.

---

भूकंपमापी

वरचे उत्तर उत्तम आहे. पुढचा भाग मी घेतो. ताई, तुमच्या विद्यार्थिनीच्या मनात जी समजूत आहे ती मोठ्या माणसांतही सर्रास आढळते. याचे एक कारण असे की आपण हे दोन्ही विषय एकाच धड्यात, एकाच चित्राखाली शिकवतो आणि मग एक दुसऱ्यामुळे होतो असे मुलांना वाटू लागते. ज्वालामुखीमुळे भूकंप होतात हे खरे आहे, पण ते बहुतेक लहान असतात आणि ज्वालामुखीच्या आसपासच जाणवतात. जगातील बहुसंख्य भूकंपांत लाव्हाचा काहीही सहभाग नसतो. कोयनेच्या भूकंपातही नव्हता.

पृथ्वीच्या आत सगळीकडे लाव्हा उकळतो आहे, हे चित्र मुलांच्या मनातून आधी काढावे लागेल. आपण ज्या भूकवचावर राहतो त्याची जाडी खंडांखाली साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटर असते. त्याखालचे प्रावरण अतिशय तप्त असले तरी प्रचंड दाबामुळे ते जवळजवळ सर्वत्र घनच आहे. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, काही ठरावीक ठिकाणीच तयार होतो, जिथे दाब कमी होतो किंवा खोलवर पाणी पोहोचल्यामुळे खडक कमी तापमानाला वितळू लागतो.

भूकंप होतो तो ताणामुळे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या वेगाने उत्तर-ईशान्येकडे सरकतो आणि आशियाच्या भूपट्टावर रेटा देतो. हिमालय त्या रेट्यातूनच उभा राहिला आणि मोठे भूकंप त्या कडेवर होतात, हे तुम्ही शिकवता ते बरोबरच आहे. परंतु रेटा फक्त कडेवर थांबत नाही. तो भूपट्टाच्या आतही पोहोचतो. आतमध्ये कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जुन्या भेगा आहेत, ज्यांना प्रस्तरभंग म्हणतात. त्यांच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे एकमेकींना घट्ट धरून असतात. ताण साचत जातो, घर्षण त्याला रोखून धरते, आणि ज्या क्षणी ताण वरचढ होतो त्या क्षणी खडक झटकन सरकतो. त्या सरकण्याने निघालेल्या लहरी म्हणजे भूकंप.

वर्गात यासाठी एक वीट, सुतळी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी एवढेच साहित्य लागते. वीट खडबडीत फरशीवर ठेवा, तिला सुतळी बांधा आणि सुतळीच्या टोकाला ट्यूबची पट्टी बांधा. एका मुलाने पट्टी अगदी सावकाश, एकाच गतीने ओढत राहायचे. आधी फक्त रबर ताणले जाईल आणि वीट जागची हलणार नाही. मग ती एकदम पुढे उडी घेईल आणि पुन्हा थांबेल. प्रत्येक उडीच्या आधी रबर किती ताणले गेले ते दुसऱ्या मुलाने मोजपट्टीने मोजून फळ्यावर लिहायचे. आकडे दर वेळी थोडे वेगळे येतील. ओढणाऱ्याची गती एकसारखी असूनही वीट नेमकी केव्हा उडी घेईल हे आधी सांगता येत नाही, हे मुलांच्या लक्षात आले की अमुक तारखेला भूकंप होणार अशा मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांवर विश्वास का ठेवायचा नाही, तेही त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

आता कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे आणि त्याच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले ते १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यानंतरच त्या भागात धक्के वाढले. पुढे १९८५ नंतर वारणेचे चांदोली धरण भरू लागले तेव्हा धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही पसरले. साधारण तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद अशा एवढ्याशा पट्ट्यात अजूनही धक्के बसत आहेत, आणि जलाशयातील पाण्याची वार्षिक चढउतार व धक्के यांचे नाते शास्त्रज्ञांनी दशकानुदशके तपासले आहे. धरणामुळे चालना मिळालेल्या भूकंपाचे जगभर दिले जाणारे हे ठळक उदाहरण आहे.

म्हणजे गावातील वडीलधारी माणसे धरणाकडे बोट दाखवतात त्यात तथ्य आहे. मात्र ओझे हे त्याचे मुख्य कारण मानले जात नाही. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचे जेवढे वजन असते, त्याच्या तुलनेत शंभर मीटर पाण्याचे वजन एक टक्काही भरत नाही. पाणी भेगांमधून झिरपत खाली जाते, तिथे त्याचा दाब वाढतो आणि एकमेकींना घट्ट धरून असलेल्या दोन बाजू किंचित सैल होतात, हे अधिक महत्त्वाचे आहे. हे विटेवरही दाखवता येते. पहिला मुलगा रबर ओढत असताना दुसऱ्याने विटेला बांधलेला दोरा वरच्या दिशेने हलकासा ताणून धरायचा. वीट उचलायची नाही, फक्त तिचा फरशीवरचा भार थोडा कमी करायचा. मग ती कमी ताणातच सरकते. ताण आधीपासूनच साचलेला होता, पाण्याने त्याला फक्त वाट करून दिली, हा फरक मुलांना नक्की सांगा. नाहीतर सगळे भूकंप धरणांमुळेच होतात असा नवा गैरसमज रुजायचा.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या तालुक्यातील मुलांना माहीत असायलाच हवी. या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने कराडला खास प्रयोगशाळा उभारली आणि पाटण तालुक्यातच गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर, म्हणजे यंत्राने पाडलेले अरुंद छिद्र, घेतले. बेसाल्टचे थर साधारण एक किलोमीटरच्या आसपास संपतात आणि त्याखाली त्यांच्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागतो, हे या परिसरातील विंधनांतून हाती आले. भूकंप होतात ते बहुतांशी त्या जुन्या खडकात. खाली लाव्हा उकळतो आहे का, या शंकेला याहून थेट उत्तर कोणते असणार? माणसांनी प्रत्यक्ष तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून पाहिले, आणि तिथे घन, कठीण खडक मिळाला.

---

तेरणाकाठ

मी धाराशिव जिल्ह्यात शिक्षक आहे. भीतीच्या प्रश्नावर थोडे लिहावेसे वाटते, कारण आमच्याकडेही हा धडा शिकवताना वर्ग गप्प होतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, चार वाजायच्या आत किल्लारीचा भूकंप झाला. त्याची तीव्रता कोयनेच्या भूकंपाएवढीच, सुमारे ६.२ होती, पण लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या घरात माणसे गेली. लोक झोपेत होते आणि घरे जाड दगडी भिंतींची होती. गोल, ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात रचलेले, आणि वर लाकडावर दोन-दोन फूट मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंडावा देणारी हीच घरे हादऱ्यात टिकली नाहीत, कारण दगडाला दगड बांधून ठेवणारे त्यांच्यात काहीच नव्हते.

मी मुलांना हे लपवून सांगत नाही. त्याच वेळी त्यांना स्वतःच्या घराचे चित्र काढायला सांगतो. भिंत कशाची आहे, जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर सिमेंट-सळईची सलग पट्टी आहे का, छपरावर अवजड काही ठेवले आहे का, पलंगाच्या डोक्याशी कपाट उभे आहे का, हे त्यांनी घरी पाहून यायचे. अशी पट्टी चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखी एकत्र धरते. भूकंपानंतर आमच्याकडे बांधलेल्या घरांत ती घातलेली आहे आणि मुले ती लगेच ओळखतात. भीती वाटणाऱ्या मुलाच्या हाती काहीतरी करण्याजोगे दिले की तो प्रश्न विचारू लागतो. नुसते "घाबरू नकोस" असे म्हटल्याने मात्र तो गप्प बसतो आणि भीती आतच राहते, असे मी वारंवार पाहिले आहे.

सरावाबाबत एक सूचना करतो. पक्क्या इमारतीत हादरा बसताच खाली बसणे, बाकाखाली जाणे आणि बाकाचा पाय घट्ट धरून ठेवणे हे योग्य आहे. धावत जिना उतरणे धोक्याचे आहे. पण तुमची खोली जुन्या दगडी भिंतींची आणि कौलारू असेल, तर काय करावे हे इमारत पाहूनच ठरवायला हवे. त्यासाठी तहसील कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापनाच्या माणसांना एकदा शाळेत बोलवा.

---

वर्गशिक्षिका_पाटण

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. विटेचा प्रयोग सोमवारी घेणार आहे. गोठण्याचे विवर आमच्याच तालुक्यात असून मला त्याची माहिती नव्हती, मुलांना तर ती मुळीच नसेल.

अजून दोन शंका आहेत. विज्ञान प्रदर्शनासाठी दरवर्षी मुले मातीचा डोंगर करून त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालतात. तो प्रयोग ठेवावा की बंद करावा? आणि पाचवीतल्या एकाने विचारले आहे की धक्का बसल्यावर काही मिनिटांतच "केंद्र कोयनेपासून इतक्या किलोमीटरवर" असे बातमीत येते, ते कळते कसे?

---

काळा_पाषाण

सोडा-व्हिनेगरचा डोंगर ठेवा, पण त्यात खरे काय आणि खोटे काय ते मुलांकडूनच वदवून घ्या. वायूमुळे द्रव उसळून बाहेर येतो, हे खरे आहे. खऱ्या ज्वालामुखीत सोडा नसतो, आंबट पदार्थ नसतो आणि काही जळतही नाही. वितळलेला खडक असतो आणि आधीपासून त्यात विरघळलेला वायू असतो.

मला त्याहून अधिक आवडतो तो काकवीचा प्रयोग, आणि तुमच्या भागात काकवी सहज मिळेल. तिरक्या ठेवलेल्या ताटावर थोडी कोमट आणि थोडी गार काकवी एकाच वेळी सोडा. कोमट लांब पळते, गार ढिगासारखी जागीच राहते. आपल्या सह्याद्रीचा किंवा हवाई बेटांचा लाव्हा पातळ होता, म्हणून तो दूर पसरला. ज्या शिलारसात सिलिका (वाळूत असते ते द्रव्य) जास्त असते तो घट्ट असतो, त्यातील वायू सहज सुटत नाही आणि शेवटी स्फोट होतो. फिलिपाइन्समधील पिनातुबो १५ जून १९९१ रोजी असाच फुटला. त्याआधी सुमारे पाचशे वर्षे तो शांत होता. मात्र काही आठवडे आधीपासून तिथे लहान भूकंप आणि वायूचे लोट सुरू झाले, शास्त्रज्ञांनी ते ओळखले आणि हजारो लोकांना वेळेत हलवण्यात आले. शिलारस वर येताना खडक फोडत येतो, त्यामुळे बऱ्याच ज्वालामुखींची चाहूल अशी आधी लागते. भूकंपाची लागत नाही.

घट्ट शिलारसाच्या स्फोटातून उडालेली राख किती दूर जाते याचा एक पुरावा तुमच्यापासून फार लांब नाही. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ राखेचा थर आहे, आणि ती राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे.

---

भूकंपमापी

केंद्र कसे काढतात, हे पाचवीच्या मुलाला गुणाकार आणि कंपास वापरून स्वतः करता येते.

भूकंपाच्या जागेवरून दोन प्रकारच्या लहरी एकाच वेळी निघतात. प्राथमिक लहरी भूकवचात सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावतात, तर दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे कोणत्याही ठिकाणी पहिली लहर आधी पोहोचते आणि दुसरी मागून येते. ठिकाण जितके दूर, तितके दोघींमधील वेळेचे अंतर वाढत जाते. मुलांना विचारून पाहा, आधी एक बारीक दणका आणि मग जोराची हलण्याची लाट, असा अनुभव त्यांच्यापैकी काहींनी घेतला असेल. या दोन लहरींमधील सेकंदांना आठने गुणले की भूकंप किती किलोमीटरवर झाला याचा ढोबळ अंदाज मिळतो. पाच सेकंद म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर.

पण एका वेधशाळेवरून फक्त अंतर कळते, दिशा कळत नाही. म्हणून जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि तीन गावे ही तीन वेधशाळा समजा. तुम्ही आधीच मनात एक जागा ठरवा, तिथून प्रत्येक गावाचे अंतर नकाशावर मोजा, त्याला आठने भागा आणि येणारे सेकंद फक्त तीन चिठ्ठ्यांवर लिहून मुलांच्या तीन गटांना द्या. प्रत्येक गट सेकंदांना आठने गुणेल, नकाशाच्या प्रमाणानुसार कंपासमध्ये तेवढे अंतर घेईल आणि आपल्या गावाभोवती वर्तुळ काढेल. दोन वर्तुळे दोन ठिकाणी छेदतात, तिसरे त्यांतले एकच ठिकाण निवडते. तिन्ही वर्तुळे अगदी एका बिंदूत जुळणार नाहीत, मध्ये लहानसा त्रिकोण उरेल. पेन्सिलीची जाडी आणि मोजण्यातील चूक यांमुळे तो राहतो. खऱ्या वेधशाळांच्या हिशोबातही थोडी तफावत राहतेच, आणि ती कमी करण्यासाठी तीनऐवजी अनेक वेधशाळांच्या नोंदी एकत्र केल्या जातात.